सोळा पावसाळे उभी असलेली येझ्दी

जून २००७ मधल्या एका दुपारी मी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, येझ्दी रोडकिंग मोटारसायकल गोठ्याच्या आतल्या भिंतीला लावून उभी केली. अण्णा सोप्यात बसले होते. तिथूनच त्यांनी सांगितले, “टाकीतलं पेट्रोल काढून घे, प्लग खोलून आत दोन चमचे ऑइल सोड आणि मग झाक.” मी “उद्या करतो” असे म्हणालो. भुदरगड तालुक्यातल्या आमच्या गावात त्या संध्याकाळी पाऊस सुरू झाला, दुसऱ्या दिवशी मला कोल्हापूरला नोकरीवर परतायचे होते, आणि खताच्या पोत्यांचे प्लास्टिक तिच्यावर टाकून मी निघून गेलो. ते प्लास्टिक मी पुन्हा उचलले २०२२ च्या दिवाळीत. मधल्या काळात सोळा पावसाळे झाले होते आणि अण्णांना जाऊनही सात वर्षे झाली होती.

हे आधी सांगण्याचे कारण असे की, पुढच्या दीड वर्षात या गाडीत जे जे बिघडलेले सापडले, त्यातल्या बहुतेक गोष्टींचे मूळ त्या एका ‘उद्या करतो’मध्ये होते. गाडी एकवीस वर्षे चालली, तेव्हाची झीज मोजायला गेलो तर फारच थोडी भरली. जे खराब झाले ते उभे राहून झाले.

अण्णा जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते आणि ही गाडी त्यांनी १९८६ मध्ये घेतली. वाड्यावस्त्यांवरच्या गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करायला जाताना वीर्य गोठवून ठेवायचे द्रवरूप नायट्रोजनचे भांडे मागच्या कॅरिअरला सुतळीने आवळलेले असे. त्या भांड्यातून हिंदकळून सांडलेल्या नायट्रोजनने सीटच्या मागच्या कडेचे रेक्झिन तडकले होते, आणि त्यांच्या पिशवीच्या पितळी बक्कलने टाकीच्या उजव्या अंगाला बोटभर लांबीचा एक चरा कायमचा पाडला होता. चढाच्या रस्त्याला, चिखलात, दोन माणसे आणि एक भांडे घेऊन जाणारी त्या काळातली दुसरी परवडणारी गाडी आमच्या भागात नव्हती. बुलेट होती, पण ती पाटलांकडे.

ज्यांना ही गाडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मैसूरच्या आयडियल जावा या कारखान्यात १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या जावा मोटारसायकली परवान्याने तयार होऊ लागल्या. १९७३ पासून त्या ‘येझ्दी’ या नावाने विकल्या जाऊ लागल्या, रोडकिंग १९७८ मध्ये आली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. इंजिन अडीचशे सी.सी.चे, टू-स्ट्रोक, सिलिंडर एकच, पण सायलेन्सर मात्र दोन्ही बाजूंना एकेक. किक आणि गिअर यांची दांडी एकच असते: ती आत दाबून वर फिरवली की किक होते आणि गाडी सुरू झाल्यावर पुन्हा खाली पाडली की तोच गिअर. नवख्या माणसाला या गाडीची किल्ली दिली तर तो किक शोधत गाडीभोवती दोन फेऱ्या मारतो, हा आमच्या घरातला जुना विनोद आहे. कारखाना बंद झाल्यामुळे कंपनीचा म्हणावा असा सुटा भाग आता जुन्या साठ्यातूनच मिळतो, नाहीतर नकलेवर भागवावे लागते. २०२२ च्या जानेवारीत हे नाव पुन्हा बाजारात आले ही आनंदाची गोष्ट आहे, पण नव्या गाडीचे इंजिन फोर-स्ट्रोक आणि पाण्याने थंड होणारे आहे. त्यातले काहीही माझ्या कामाचे नव्हते.

गाडी गोठ्यातून अंगणात आणायलाच तिघे लागलो. दोन्ही टायर बसून जमिनीला चिकटले होते, मागचा ब्रेक ड्रममध्ये गंजून धरला होता, आणि सीटखाली उंदरांनी कडब्याचे व वायरींच्या रंगीत तुकड्यांचे मिळून एक सुबक घरटे केले होते. उजव्या सायलेन्सरचे तोंड कुंभारमाशीने मातीने लिंपून बंद केले होते. डावे उघडे होते. या उघड्या तोंडाचे महत्त्व मला तेव्हा कळले नव्हते.

किक दाबली तर दांडी जागची हलेना. इथे मी पहिली चूक केली. इंजिन धरले आहे हे उघड असताना मी चौदा वर्षांच्या पोरासारखा दोन्ही पायांनी किकवर उभा राहिलो. आतून ‘कट्’ असा आवाज आला आणि दांडी सैल पडली. किकच्या गिअरचा एक दात गेला होता. नंतर तो भाग मिळवायला मला पुण्याच्या जुन्या बाजारात तीन रविवार घालवावे लागले, आणि जो मिळाला तोही वापरलेलाच.

गावात अण्णांच्या वेळचे एक मिस्त्री आहेत. आता डोळ्यांनी कमी दिसते म्हणून ते काम घेत नाहीत, पण कुणी बोलावले तर खुर्ची टाकून बसतात. त्यांनी गाडीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “पळून झिजली असती तर चाललं असतं. ही उभ्यानं कुजल्या.” मग त्यांनी सांगितल्याप्रमाणे प्लग काढून, निम्मे डिझेल आणि निम्मे इंजिन ऑइल असे मिश्रण प्लगच्या भोकातून आत सोडले आणि आठ दिवस गाडीला कुणीही हात लावायचा नाही असे ठरले. आठ दिवसांनी हेड, म्हणजे सिलिंडरचे वरचे झाकण, उतरवले. पिस्टन जवळजवळ तळाशी होता. त्याच्या माथ्यावर लाकडाचा गुळगुळीत ठोकळा ठेवून लाकडी हातोडीने हलके ठोके देत गेलो, आणि दुपारी केव्हातरी तो केसभर हलला. केसभर हलला म्हणजे सुटला, हे मिस्त्रींनी आवाजावरून सांगितले. मला काहीच दिसले नव्हते.

सिलिंडर काढून उजेडात धरला तेव्हा सगळी हकीकत आतल्या भिंतीवर लिहिलेली होती. अशा टू-स्ट्रोक इंजिनात झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीतली भोके पिस्टन स्वतःच खाली-वर होताना उघडतो आणि झाकतो. गाडी बंद करताना पिस्टन तळाशी थांबला असेल, तर धूर बाहेर जाण्याची भोके उघडी राहतात आणि सायलेन्सरमधून बाहेरची हवा थेट सिलिंडरमध्ये पोहोचते. भुदरगडातला पाऊस, म्हशींच्या श्वासाची आणि शेणामुताची वाफ, हे सारे सोळा पावसाळे डाव्या सायलेन्सरमधून आत जात राहिले होते. जिथे पिस्टनच्या रिंगा टेकल्या होत्या तिथे भिंतीला गंजाचे दोन कडे बसले होते आणि त्यांच्या वरच्या भागात सुईच्या टोकाएवढे खड्डे पडले होते. उजव्या बाजूचे भोक त्या मानाने स्वच्छ होते. कुंभारमाशीने माझ्यापेक्षा गाडीची काळजी अधिक घेतली होती असे म्हणावे लागेल. दोन चमचे ऑइल सोडून, किक चार वेळा फिरवून, पिस्टन भोके झाकील अशा जागी ठेवला असता तर हे इतके झाले नसते. अण्णा तेच सांगत होते.

सिलिंडरमध्ये ही अवस्था, तर खाली क्रँककेसमध्ये काय असेल या विचाराने इंजिन पूर्ण उघडायचे ठरले. टू-स्ट्रोकमध्ये खालची खोली ऑइल साठवण्यासाठी नसते. पेट्रोल, ऑइल आणि हवेचे मिश्रण आधी तिथे ओढले जाते, दाबले जाते आणि मग वर जाते. म्हणजे ती एक हवाबंद पंपाची खोली असते. तिची हवाबंदी क्रँकच्या दोन टोकांवरच्या रबरी सीलांवर टिकून असते. माझ्या गाडीची दोन्ही सीले हाताने दाबली तर पापडासारखी मोडली. डाव्या बाजूचे सील गेले की गिअरबॉक्सकडचे ऑइल इंजिन आत ओढते आणि गाडी पांढऱ्या धुराचे लोट सोडते. पुष्कळ लोक अशा वेळी टूटी ऑइल (पेट्रोलमध्ये मिसळायचे ऑइल) जास्त झाले असे समजून त्याचे प्रमाण कमी करतात आणि चांगले इंजिन जाम करून ठेवतात. खालच्या तळाशी पाणी आणि जुने ऑइल यांचा कॉफीच्या रंगाचा लगदा साचला होता, आणि बेअरिंग बोटाने फिरवले की वाळू दळल्यासारखे लागत होते. बेअरिंगे आणि सीले नवी घातली. कनेक्टिंग रॉड मात्र उभा ओढून पाहिला तर तसूभरही खेळ नव्हता. एकवीस वर्षांच्या चालीने ज्याला काही केले नव्हते त्याला बदलण्याचे कारण नव्हते, म्हणून तो तसाच ठेवला.

आता सिलिंडर बोअर करण्याचा, म्हणजे आतून कातून किंचित मोठा करण्याचा प्रश्न. मी कोल्हापुरात राहतो आणि कोल्हापूरकराला लेथचे काम शोधायला लांब जावे लागत नाही. तरीही ओळखीतून, थोडे स्वस्तात, घराजवळच्या एका वर्कशॉपमध्ये मी सिलिंडर दिला. अर्धा मिलिमीटर मोठ्या मापाचा पिस्टन आणला होता, त्या मापाने दोन दिवसांत काम करून मिळाले. आतली भिंत आरशासारखी दिसत होती. इंजिन जोडले, मार्चमधल्या एका सकाळी गाडी सुरूही झाली, आणि घरातल्यांनी पेढे आणले. अकरा-बारा किलोमीटर हळू चालवल्यानंतर एका साध्या सपाट रस्त्यावर ‘किण्’ असा बारीक आवाज आला आणि इंजिनातला जीव गेला. क्लच दाबून गाडी कडेला घेतली. पेढे अजून डब्यात होते.

उघडल्यावर वरची रिंग दोन तुकड्यांत सापडली आणि धुराच्या भोकाच्या काठावर तिने मारलेला ओरखडा दिसला. सिलिंडर घेऊन या वेळी शिवाजी उद्यमनगरातल्या एका वयस्क टर्नरांकडे गेलो. त्यांनी मापही घेतले नाही. माझा हात धरून तर्जनी सिलिंडरच्या आत घातली आणि म्हणाले, “भोकाच्या काठावरनं बोट फिरवा, साहेब. दमानं.” काठ पातीसारखा लागला, बोटाला बारीक चीर पडली. टू-स्ट्रोकचा सिलिंडर बोअर केला की प्रत्येक भोकाचा काठ नव्याने धारदार होतो आणि तो घासून किंचित उतरता करावा लागतो; नाहीतर भोकासमोरून जाताना थोडीशी बाहेर फुगणारी रिंग त्या काठाला अडकते. फोर-स्ट्रोकची कामे करणाऱ्याला ही सवय नसते, कारण त्याच्या सिलिंडरला भोकेच नसतात. पहिल्या वर्कशॉपवर मी रागावलो होतो हे खरे, पण सिलिंडर घरी आणल्यावर एकदा बोट फिरवून पाहणे माझ्याही हातात होते, आणि चकाकी पाहून मी खूश झालो होतो.

दुसऱ्या वेळी पाऊण मिलिमीटरच्या मापाने बोअर झाला. त्या टर्नरांनी प्रत्येक भोकाचा काठ आधी बारीक कानशीने आणि मग पॉलिशपेपरने उतरवला आणि शेवटी स्वतःच्या करंगळीने पाहिला. घरी आल्यावर मी रिंग एकटीच सिलिंडरमध्ये घालून, पिस्टनने ढकलून सरळ बसवली आणि तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने, म्हणजे फटी मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, मोजली. पिस्टनच्या खाचेतली बारीक खुंटी रिंगच्या टोकांमध्येच येते आहे ना, पिस्टनवरचा बाण धुराच्या बाजूला आहे ना, हेही दोनदा पाहिले. ही कामे वेळखाऊ नाहीत. पहिल्या वेळी ती दुसऱ्यावर सोडली होती, एवढेच.

कार्बोरेटरचे काम सोपे पण किळसवाणे होते. टाकीत राहिलेले पेट्रोल उडून गेले होते आणि त्यात मिसळलेले ऑइल मागे राहून फ्लोटच्या वाटीत काकवीसारखे बसले होते. जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची तोटी, थिनरमध्ये बुडवून ठेवले आणि वायरमधल्या तांब्याच्या एका तारेने साफ केले. स्टीलची तार घातली की भोक मोठे होते आणि मग गाडी आयुष्यभर पेट्रोल पिते. टाकीच्या आत गंजाची खपली होती. त्यासाठी किराणा दुकानातून लिंबूसत्त्व आणले, ते कोमट पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरली, अधूनमधून सायकलची जुनी चेन आत सोडून हलवली आणि दोन दिवसांनी ओतून टाकले. बाहेर आलेले पाणी अगदी चहासारखे होते. नंतर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुऊन, बायकोच्या हेअर ड्रायरने सुकवून, लगेच पेट्रोल-ऑइलचे मिश्रण आत फिरवले, कारण उघडे पडलेले लोखंड एका रात्रीत पुन्हा तांबूस होते. हेअर ड्रायर नवा घेऊन द्यावा लागला. पेट्रोलच्या नळ्या आणि कॉकमधले रबर इथेनॉल सोसणारे घातले, कारण आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये ते असतेच आणि ते हवेतले पाणी ओढून घेते.

विजेच्या कामाविषयी थोडक्यात सांगतो. माझी गाडी सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशन) येण्याआधीची, पॉइंटवाली आणि सहा व्होल्टची आहे. उंदरांनी खाल्लेली वायरिंग पूर्ण नवी ओढली, ठिणगीची वेळ साधणारे पॉइंट घासून ०.४ मिलिमीटरच्या फटीवर लावले, कंडेन्सर बदलला. अनेकांनी बारा व्होल्ट करून घेण्याचा सल्ला दिला आणि तो चुकीचा नाही. सहा व्होल्टचा हेडलाइट म्हणजे समईचा उजेड. पण मी रात्री ही गाडी चालवणार नव्हतो.

कागदपत्रांचे काम इंजिनाइतकेच लांबले. गाडी अण्णांच्या नावावर होती, म्हणून आधी वारसाच्या नावावर करण्याचा अर्ज, मग पंधरा वर्षांची मुदत कधीच संपलेली असल्यामुळे नोंदणीचे नूतनीकरण, त्याचा उशीर, पर्यावरण कराचे २,००० रुपये, विमा आणि पीयूसी असा क्रम होता. अर्जासाठी चेसिसच्या क्रमांकाचा छाप घ्यावा लागतो. रंगाच्या थराखाली आकडे बुजलेले होते. ते पितळी ब्रशने मोकळे केले, वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासत गेलो आणि एकेक आकडा पांढरा उमटत आला. आईने तो कागद बराच वेळ हातात धरला होता. मग तिने कपाटातल्या डब्यातून अण्णांची १९८६ ची पावती काढली आणि दोन्ही क्रमांक बोटाने जुळवून पाहिले. इतकी वर्षे मी ती पावती हरवली असे समजत होतो.

रंगाविषयी घरात मतभेद झाले. मुलाला गाडी शोरूममधून आल्यासारखी हवी होती. सायलेन्सरांना नवा क्रोम करून घेतला, कारण गंजलेला पत्रा ठेवण्यात काही शहाणपण नाही. मडगार्ड आणि खालची चौकट सोलून पुन्हा रंगवली. टाकीला मात्र मी रंगाऱ्याला हात लावू दिला नाही. मरून रंग फिकट पडला आहे, पॉलिशने जेवढा वर आला तेवढा आला, आणि बक्कलचा चरा तिथेच आहे. सीटचे रेक्झिन बदलावेच लागले. जुने तडकलेले कव्हर फेकून द्यायचे म्हणून बाजूला ठेवले होते, ते अजून गोठ्यात खुंटीला लटकते आहे.

एप्रिल २०२४ मध्ये गाडी रीतसर रस्त्यावर आली. पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर नेली नाही, दर लिटरला चाळीस मिलिलिटर टूटी ऑइल मोजून घातले, आणि दर काही किलोमीटरला थांबून प्लग पाहत राहिलो. मिस्त्रींना मागे बसवून गारगोटीच्या बाजारापर्यंत नेले. परतताना ते म्हणाले की दुसऱ्या गिअरला थोडी कुरकुरते आहे, आणि ती कुरकुरते हे खरे आहे. गिअरबॉक्स मी उघडला तेव्हा चांगला दिसला होता. बहुधा पुन्हा उघडावा लागेल.

पावसाळ्याचे चार महिने गाडी गावी, सोप्यातच असते. तिला उभी करण्याआधी मी अंगणात पेट्रोलचा कॉक बंद करतो आणि इंजिन तसेच चालू ठेवतो, म्हणजे कार्बोरेटरमधले उरलेसुरले पेट्रोल जळून जाते. मिनिटभराने आवाज चढतो, अडखळतो आणि थांबतो. मग प्लग काढून दोन चमचे ऑइल आत सोडायचे, किक फिरवायची आणि दोन्ही सायलेन्सरांच्या तोंडांत तेलाचे फडके कोंबायचे. गेल्या जूनमध्ये हे चालले असताना इंजिन थांबल्याबरोबर स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, “बंद पडली काय रे?”

“नाही,” मी म्हणालो, “मीच बंद करतोय.”